झाशीच्या हवेला मार्क देणारे काका

त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने हवी असेल, तर पगार किती, शाकाहारी की मांसाहारी, संध्याकाळी कधी परतता, असलं काहीही विचारलं जात नसे. तुम्ही कुठल्या हवेत वाढलात, एवढंच बघितलं जाई. मला हे ठाऊक नव्हतं. माझी बदली झाशीला झाली होती, कंपनीच्या वसाहतीत घर मिळायला वेळ होता, आणि ऑफिसातल्या एकाने प्रेम नगरातला पत्ता देऊन सांगितलं होतं, की जुनं मराठी कुटुंब आहे, पिढ्यान्पिढ्या इथलंच, जाऊन बघा. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या गृहस्थाने. गळ्यात ओला गमछा, डोक्यावर कापडी टोपी आणि हातात उघडलेली छत्री. घरात!

"कुठल्या आपण?"

"वाईची."

"वाई! मतलब महाबळेश्वराच्या खालती?" त्यांनी छत्री मिटली. "इकडे उत्तरेत याआधी कधी उन्हाळा काढला आहे?"

"नाही."

"एकही नाही? दिल्ली, आग्रा, नागपूर?"

"कुठेच नाही."

ते आत वळून केवढ्यांदा तरी ओरडले, "अगं ऐकतेस का? कोरी मिळाली! एकदम कोरी! चहा टाक."

परगावात घर शोधणाऱ्या एकट्या मुलीने हे ऐकून खरं तर मागे न बघता पळ काढायला हवा होता. पण आतून काकू आल्या, पदराला हात पुसत, आणि ग्वाल्हेरच्या मऊ मराठीत म्हणाल्या, "घाबरू नका जी. ह्यांना हवेचं खूळ आहे. बाकी माणूस सज्जन आहे." मला खोली मिळाली.

गाव त्यांना मास्साब म्हणे. उभं आयुष्य एका इंटर कॉलेजात भूगोल शिकवण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच विद्यार्थी हाताशी ठेवला होता, तो म्हणजे झाशीचं हवामान. रोज त्याची परीक्षा घ्यायची आणि शंभरातले मार्क द्यायचे. प्रश्नही एकच : आज परगावच्या माणसाने झाशी बघायला यावं का?

यामागे जुनं दुखणं होतं. झाशीला माणसं उतरतात ती गाडी बदलायला, असं त्यांचं म्हणणं. स्टेशनवर उतरायचं, ऑटो पकडायची आणि थेट ओरछा, नाहीतर खजुराहो. किल्ला बघायचा तो ऑटोतून मान वाकडी करून. का? तर म्हणे झाशी फार तापते. "फार मतलब किती?" काका विचारत. "कोणत्या महिन्यात? सकाळी का दुपारी? कोणी मोजलं आहे का कधी?" कोणी मोजलेलं नव्हतं. मग त्यांनी मोजायला घेतलं.

"आणि ही माझी सनक नाही हं बेटा," ते मला पहिल्याच आठवड्यात बजावून गेले. जगभर असं मोजतात. गर्मी, हवेतला ओलावा, पाऊस, ऊन आणि वारा असे पाच विषय. प्रत्येकाचं वजन ठरलेलं. बेरीज केली की त्या गावाची हवा प्रवाशाला मानवेल का नाही ते कळतं. गच्चीवर त्यांनी जुन्या झिलमिलीच्या फळ्यांची पांढरी पेटी उभी केली होती. आत दोन थर्मामीटर, एक साधा आणि एकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं. शेजारच्यांना तो कबुतरखाना वाटे. ते पुण्य म्हणून पेटीपाशी बाजरी टाकत आणि अधूनमधून चौकशी करत, "मास्साब, आपके कबूतर कभी दिखते नहीं?" काका म्हणत, "तीर्थयात्रा पे गए हैं."

पुस्तकातल्या पद्धतीशी मात्र त्यांचं कडाक्याचं भांडण होतं, आणि ते भांडण उन्हावरून होतं. त्या हिशेबात ऊन जितकं जास्त, तितके मार्क जास्त. म्हणजे मे महिन्यात आमची झाशी उन्हाच्या पेपरात पहिली यायची. "हे ज्याने लिहिलं ना, तो बर्फातला माणूस," काका कपाळावर हात मारत. "त्याला ऊन म्हणजे मिठाई. त्याला इथे आणा, किल्ल्याच्या दगडावर बसवा, आणि मग म्हणावं दे मार्क." म्हणून त्यांनी आपली पद्धत बसवली. पाच विषयांचे मिळून शंभर मार्क, तोंडी परीक्षेचे शंभर, आणि दोन्हींची सरासरी तो निकाल. तोंडी परीक्षा हवेची, पण उत्तरं द्यायची पाहुण्याने.

यंत्राला घाम येत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. मोबाइलवर कोणी 'आज त्रेचाळीस, पण सत्तेचाळीस वाटेल' असं वाचून दाखवलं, की ते विचारत, "कोणाला वाटेल? फोनला?" त्यांना आकड्यापेक्षा माणूस हवा होता. "अंश सांगू नका, अवस्था सांगा," असं ते म्हणत. आणि माणूसही इथला चालत नसे. झाशीत दोन उन्हाळे काढले की शरीर निर्ढावतं आणि खोटी साक्ष देतं. काकू जन्मभर इकडच्या, म्हणून बाद. ते स्वतः तर बादच. त्यासाठी वरच्या खोलीत थंड मुलखातला भाडेकरू, दोन उन्हाळ्यांपुरता. माझ्या आधी तिथे कुर्गचा एक बँकेतला मुलगा होता. दोन उन्हाळे होताच त्याला सन्मानाने निरोप मिळाला. मला कंपनीचं घर मिळायचंच होतं, म्हणून माझं काही बिघडत नव्हतं.

भाडेकरू कमी पडे तेव्हा ते किल्ल्यावर जात. लोक किल्ला बघत आणि काका लोकांना बघत. बरोबर घडीचं स्टूल असे. एखादं कुटुंब बुरुजावर उन्हात बसलं, की हे शेजारी स्टूल टाकून बसत आणि ती माणसं किती वेळाने सावली शोधतात ते बघत. एकदा एका गुजराती कुटुंबाला वाटलं, हा माणूस आपल्या पिशवीवर नजर ठेवून आहे. त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं. पहारेकरी हसून म्हणाला, "अरे ये तो मास्साब हैं. आपको नंबर दे रहे हैं." त्यावर ते कुटुंब आणखीच घाईने निघून गेलं, आणि काकांचा त्या दिवसाचा हिशेब चुकला. कारण ते उन्हाने उठले की भीतीने, हे त्यांना ठरवता येईना.

सीपरी बाजारातल्या एका लॉजचा मॅनेजर त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला ही कल्पना भलतीच आवडली. त्याने काउंटरवर फळा लावला, 'आज का मौसम', आणि काका रोज सकाळी जाऊन त्यावर खडूने मार्क लिहू लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मॅनेजर खूश होता. ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकदा तर एक्क्याण्णव. पाहुणे फळ्यासमोर उभे राहून फोटो काढत. मग एप्रिल आला. तिथे लॉजमध्ये तोंडी परीक्षा नव्हती, फक्त यंत्राचा निकाल. मार्क तिशीच्या खाली गेले. लोक सकाळी फळा वाचत आणि खोली सोडत. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "मास्साब, थोड़ा बढ़ा के लिख दीजिए. दस-पंद्रह नंबर से क्या होता है?"

"तुला मी दहावीत दिले होते का?"

"नहीं, मास्साब."

"फेल झाला होतास ना?"

"हुआ था."

"मेलास का?"

फळा दुसऱ्या दिवशी भिंतीवरून उतरला. काकांना वाईट वाटलं नाही. कृपांक देणं म्हणजे पोराला जन्माचं अधू करणं, या मताचे ते होते, आणि झाशी तर त्यांचं सगळ्यांत लाडकं पोर होतं.

माझी आई झाशीला आली ती माझ्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत. ती आली म्हणण्यापेक्षा मी तिला आणली. बाबा गेल्यापासून ती वाईच्या घरात एकटी राहत होती. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत तिथेच पडून राहिली. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दादा बंगळूरला, घर लहान, दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर. तो वाईजवळच्या एका वृद्धाश्रमाची चौकशी करून बसला होता. मी म्हटलं, ती माझ्याकडे राहील. तो म्हणाला, "झाशीत? त्या भट्टीत? तिला जन्मात पंख्याची सवय नाही." भांडण झालं. शेवटी आईनेच तोड काढली. ती म्हणाली, "एक उन्हाळा काढून बघते. मानवलं तर राहीन, नाही तर माझी मी परत येईन." परत म्हणजे कुठे, ते तिघांनाही माहीत होतं.

काकांनी आईला बघितलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. मी तोपर्यंत एक उन्हाळा खाल्लेली, म्हणजे अर्धी बिघडलेली. आणि ही तर आयुष्यभर कृष्णेच्या काठी राहिलेली, पंख्याचीही ओळख नसलेली बाई. रोज दुपारी चार वाजता ते जिन्यात खाकरत, वर येत, काकूंनी केलेल्या पन्ह्याचा नाहीतर सरबताचा पेला आईच्या हातात देत आणि समोर बसत.

"वहिनी, आज कसं वाटतं आहे? अंश नको, अवस्था."

"छान आहे हो मास्तर."

"उष्मा? घालमेल? डोकं जड?"

"छे! आमच्याकडे काय ऊन नसतं होय? उलट इथली हवा कोरडी, बरी वाटते."

मार्च गेला. एप्रिल चढत गेला. लू सुटली, दुपारी रस्ते ओस पडू लागले, कूलरला लावलेल्या खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, वास घरभर कोंदला. आईचं उत्तर बदललं नाही. छान आहे. काही त्रास नाही. झोप लागते की. यंत्र झाशीला सपशेल नापास करत होतं आणि आई तोंडी परीक्षेत भरघोस मार्क देऊन तिला काठावर पास करत होती. काका हरखून गेले. पर्यटनवाल्यांना आता लिहायलाच हवं, एप्रिलची झाशी उगीच बदनाम आहे, असं म्हणू लागले. आणि मी? मी तर त्यांच्याहून हरखले. दादाला रोज फोन करून सांगायचे, आई म्हणते छान आहे, तू उगाच घाबरतोस. ती जेवण कमी करत होती ते मला दिसत होतं, पण उन्हाळ्यात सगळेच कमी जेवतात, असं मीच माझ्या मनाला सांगत होते.

आईला किल्ला बघायचा होता. आल्यापासून राहून गेलेला. एका रविवारी काकांनी मार्क मोजले, आईचा शेरा घेतला आणि जाहीर केलं, की आज उन्हं कलल्यावर जायला हरकत नाही. मला वाटलं, आणखी थोडं थांबावं. पण आई साडी बदलून तयारही झाली होती.

उन्हं कलली होती खरी, पण दिवसभर तापलेला दगड काही कललेला नव्हता. चढावर पायाखालून वाफ येत होती. काका छत्री आईच्या डोक्यावर धरून चालले होते आणि प्रत्येक वळणावर विचारत होते, "वहिनी, ठीक?" आई मान हलवत होती. वर बुरुजापाशी पोचलो. त्यांनी घडीचं स्टूल उघडून तिला बसवलं आणि गाव दाखवायला लागले. तो माणिक चौक, ती तिकडे स्टेशनची बाजू. मग वळून त्यांनी पुन्हा विचारलं, "आता कसं वाटतं आहे?"

"छान," आई म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुमे, दूध उतू जाईल बघ."

सुमी माझी मावशी. माझं नाव काही ते नाही. मला क्षणभर वाटलं, गंमत करते आहे. पण काकांनी तिचं मनगट धरलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "घाम नाही," ते म्हणाले. "बेटा, हिला घामच नाही. कातडी तापली आहे." पुढचं सगळं त्यांनीच केलं. छत्री फेकून दिली, बाटली आईच्या डोक्यावर उपडी केली, गमछा भिजवून मानेला गुंडाळला. पहारेकरी धावत आला. त्याने आणि मी मिळून तिला सावलीत नेलं, काका टोपीने वारा घालत होते आणि सारखे म्हणत होते, "वहिनी, बोलत राहा, काहीही बोला." ऑटोत मी आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती अधूनमधून डोळे उघडून मला सुमी म्हणत होती. माझ्या मनात एकच होतं, की मीच हिला इथे आणली.

नर्सिंग होमच्या बाकावर काका माझ्या शेजारी बसले होते, कपडे भिजलेले. मग हळूच म्हणाले, "यंत्र नको म्हणत होतं बेटा. मी ऐकलं नाही."

डॉक्टर बाहेर आले. तरुणच होते. म्हणाले, "घबराइए मत. टाइम पे ले आए. पानी बहुत कम हो गया था. अब होश में हैं, चाय माँग रही हैं." चहा मागते आहे म्हटल्यावर मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. काकांनी डॉक्टरांचे हात हातात घेतले आणि सोडीनात.

आत गेलो. सलाईन लावलेलं होतं, पण नजर ताळ्यावर आलेली. तिने मला माझ्या नावाने हाक मारली. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, चक्कर कब से आ रहे थे?" आईने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. दोन आठवडे, तिने सांगितलं. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येई. झोप तर होळीपासून नीट नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय बोलायचं?" ती पुटपुटली. "मास्तर एवढ्या आस्थेने विचारतात. काकू पन्हं करून पाठवतात. आपण त्यांच्या दारात राहायचं आणि त्यांच्याच गावाला नावं ठेवायची? बरं दिसतं का?"

काका उभे होते ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, त्यांना लागलं. पण ते आठवत होते. आईचे कपडे आणायला घरी जाताना ऑटोत ते एकेकाची आठवण काढू लागले. इंदूरचा साडू, एप्रिलला नव्वद मार्क देऊन गेला, पण आठवडा राहणार होता तो तीन दिवसांत गेला, तातडीचं काम निघालं म्हणून. पुण्याचे भाचेजावई, पंच्याऐंशी, त्यांनाही तातडीचं काम. कुर्गचा मुलगा तर मे महिन्यात आजीच्या आजारपणाला म्हणून पंधरा दिवस गेला होता, दोन्ही वर्षी. "थंडीत कोणाला कधी तातडीचं काम निघालं नाही," काका म्हणाले. "सगळी कामं एप्रिल-मे मध्येच! मला कळायला नको होतं का? माझ्या घरात बसवून, माझं सरबत पाजून मी विचारतो, आमचं गाव कसं आहे. आता आपला माणूस काय सांगेल? इतकी वर्षं मी हवा नाही मोजली, बेटा. मी लोकांचा संकोच मोजला."

मीही त्यांना पहिल्या उन्हाळ्यात ऐंशी मार्क दिले होते. ते मी सांगितलं नाही. त्यांना कळलंच असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडी परीक्षा बंद केली, भाडेकरूची दोन उन्हाळ्यांची अट काढली आणि मागच्या सगळ्या उन्हाळ्यांचे निकाल रद्द केले. एप्रिल नापास. मे नापास. जून नापास. काकू म्हणाल्या, "चला, एकदाचं खरं बोललात." वर यायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही. रोज चारला पेला घेऊन येत, आईच्या हातात देत आणि काहीही न विचारता खाली जात. ते जास्त वाईट वाटे.

माझी पंचाईत वेगळीच होती. दादा फोनवर म्हणाला, "झालं समाधान? आता तिला परत पाठव." मी आईला विचारलं, तुला खरंच काय वाटतं? ती म्हणाली, "मी बरी आहे गं. राहीन की." तिचा हाच शब्द मला आता नको होता. तिचं 'छान' तर मी नुकतंच सलाईनच्या बाटलीखाली बघितलं होतं. ती माझ्यासाठी राहते म्हणते, की तिला राहायचं आहे, हे कळायचं कसं? मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. शपथ घातली. ती हसून म्हणे, "माझं काय, तू म्हणशील तसं." पोटच्या मुलीकडेही ती पाहुणी म्हणूनच राहत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि फार लागलं. शेवटी मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे बेटा. मी तिला पास नाही करू शकत. झाशीला मतलब." मी जूनच्या मध्याचं तिकीट काढलं. आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा स्वेटर विणायला लागली. झाशीत, जूनमध्ये, स्वेटर! कोणासाठी, ते मी विचारलं नाही. वाईला पावसाळ्यात गारठा असतो.

जायच्या आदल्या आठवड्यातली दुपार. मला सुट्टी होती. आईने लोणच्याच्या कैऱ्या फोडायला घेतल्या होत्या, जाण्याआधी माझ्यासाठी बरणी भरून ठेवायची म्हणून. वीज गेली. कूलर घरघरत थांबला. आई विळीवर कैरी फोडत होती, घाम टपटप गळत होता. तेवढ्यात काका नेहमीसारखे पेला घेऊन आले आणि तो तिच्यापुढे ठेवून वळले.

"थांबा मास्तर," आई म्हणाली.

ते थांबले.

"काय हे मेलं तुमचं गाव!" आईने विळी मिटून बाजूला सारली. "माणसं राहतात का चुलीत? कोण म्हणालं तुम्हाला इथे लोकांनी फिरायला यावं? शत्रूलासुद्धा बोलवू नये! आणि हे घर कोणी बांधलं? पश्चिमेला एवढी मोठी खिडकी ठेवतं का कोणी? ऊन काय जेवायला यायचं होतं? वर ते सरबत! गोड गोड पाणी रोज! जरा मीठ घालायला सांगा काकूंना, पोटात ढवळतं माझ्या!"

मी उठून तिच्याकडे धावले. मला वाटलं, पुन्हा ऊन लागलं. कपाळावर हात ठेवला. ओलंचिंब होतं, गार. तिने माझा हात झटकला.

"मला काही झालेलं नाही. मी मास्तरांशी बोलते आहे. हे बघा, ती खिडकी बुजवा. नाही तर निदान बाहेरून झाप घाला जाडसर. गच्चीला चुना मारा, आमच्या गावात पत्र्यालासुद्धा मारतात, तुम्ही एवढे शिकलेले! पुढच्या वर्षी मी असलं काही चालवून घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. होळीच्या आधी हे सगळं झालेलं पाहिजे."

काका हात जोडून उभे होते. "होय वहिनी," ते म्हणाले. "चुना. झाप. होळीच्या आधी." त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या गावाला त्यांच्या तोंडावर कोणी इतके कमी मार्क दिले नव्हते. त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस ना बेटा?"

ऐकलं होतं. पुढच्या वर्षी, ती म्हणाली होती.

"तू काय उभी राहिलीस खांबासारखी?" आई माझ्यावर घसरली. "मीठ आण. आणि ते तिकीट कसलं काढून ठेवलं आहेस, एवढ्या कैऱ्या मुरायच्या आहेत, त्या ढवळणार कोण? तू?"

मी स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी उचलली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. न्हाणीघरात ती पडल्याचा फोन आला होता त्या दिवसापासून छातीवर जे काही बसलं होतं, ते उठून गेलं. इतकं हलकं वाटलं, की मला रडू आवरेना. बाहेरून तिचा आवाज येतच होता. हवा संपवून ती आता झाशीच्या पाण्याला नावं ठेवत होती.